सापाला पाय कोणी जोडले? चिनी छंगयूचा अर्थ आणि उगम शोधण्याची रीत

चिनी भाषेत ‘ह्वा शऽ थ्यन त्सू’ असा चार अक्षरांचा एक शब्दप्रयोग आहे. त्यातील अक्षरांचे अर्थ ओळीने चित्र काढणे, साप, भर घालणे आणि पाय असे आहेत. कोशात याचा अर्थ ‘नको ती भर घालून झालेले काम बिघडवणे’ असा दिलेला असतो आणि तो बरोबरच आहे. मात्र यामागची गोष्ट एका विजयी सेनापतीसमोर, पुढची स्वारी रोखण्यासाठी सांगितली गेली होती, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. ज्याला चिनी वाक्प्रचार खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा आहे, त्याने ही गोष्ट कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितली, इथपर्यंत पोहोचले पाहिजे. तिथवर जाण्याची वाट फार अवघड नाही. ती कशी चालावी, हे पुढे सांगितले आहे.

अशा शब्दप्रयोगांना चिनी भाषेत ‘छंगयू’ म्हणतात. त्यांची संख्या काही हजारांत आहे. बहुतेक छंगयू चार अक्षरांचे असून त्यांतील अक्षरे आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. मराठीत आपण त्यांना सहज ‘म्हणी’ म्हणून मोकळे होतो, परंतु म्हण हे बहुधा पूर्ण विधान असते आणि तशा विधानांना चिनी भाषेत ‘यन-यू’ असे वेगळे नाव आहे. छंगयूला आपल्याकडचे जवळचे नाते ‘काकतालीय न्याय’, ‘घुणाक्षर न्याय’, ‘अंधगज न्याय’ या प्रयोगांशी आहे. कावळा झाडावर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, ही सगळी हकिकत ‘काकतालीय’ या एका समासात मावलेली असते आणि ज्याला ती हकिकत ठाऊक नाही त्याला तो समास फोडूनही फारसे काही हाती लागत नाही. छंगयूचेही तसेच आहे. तो गोष्टीचा मथळा असतो. गोष्ट दुसरीकडे असते.

आधी मूळ रूप हाती घ्यावे

पहिले काम म्हणजे तो छंगयू चिनी अक्षरांत, रोमन लिपीतील पिनयिन लेखनात आणि सुरांच्या खुणांसह मिळवणे. केवळ भाषांतरावरून शोध सुरू केला तर बहुतेक वेळा माणूस भलत्याच ठिकाणी पोहोचतो. चिनी भाषेत एकाच उच्चाराची अनेक अक्षरे असतात आणि सूर बदलला की शब्दही बदलतो, म्हणून सुराची खूण शोभेपुरती मानू नये.

पिनयिन वाचताना मराठी वाचकाला एक सोय आहे आणि तिचा उपयोग जरूर करावा. पिनयिनमधील ‘डी’ आणि ‘टी’ यांतला फरक घोष-अघोषाचा नसून अल्पप्राण-महाप्राणाचा आहे. म्हणजे ‘डी’चा उच्चार आपल्या ‘त’च्या जवळ जातो आणि ‘टी’चा ‘थ’च्या. ‘बी’ आणि ‘पी’ यांचेही तसेच, ‘प’ आणि ‘फ’. ‘पाय’ या अर्थाच्या अक्षरातील ‘झेड’ तर आपल्या ‘चमचा’ या शब्दातल्या दंत्य ‘च’सारखा आहे. इंग्रजी वळणाने वाचणाऱ्याला जे भेद ऐकू येण्यासाठी सराव करावा लागतो, ते आपल्या वर्णमालेत लहानपणापासून बसलेले असतात.

मूळ रूप मागण्याचा दुसरा फायदा असा की, त्यामुळे खोटी नाणी लगेच बाजूला पडतात. ‘संकट या चिनी शब्दात धोका आणि संधी अशी दोन अक्षरे आहेत’ हे वाक्य भाषणांतून इतक्यांदा ऐकू येते की ते प्राचीन चिनी शहाणपण असावे असेच वाटू लागते. मूळ शब्द ‘वेइ-ची’ असा आहे. तो दोन अक्षरांचा साधा शब्द आहे, छंगयू नव्हे. त्यातील ‘वेइ’ म्हणजे धोका हे खरे, परंतु ‘ची’ या अक्षराला अनेक अर्थ असून इथे त्याचा अर्थ ‘निर्णायक क्षण’ असा आहे. ‘संधी’ हा अर्थ ते अक्षर ‘ची-ह्वेइ’सारख्या दुसऱ्या जोडशब्दात गेल्यावर येतो. एखाद्या सुभाषिताचे चिनी रूप कोणालाच देता येत नसेल, तर त्याला चिनी म्हणण्याची घाई करू नये, हा नियम मी कटाक्षाने पाळतो.

अक्षराचा जुना अर्थ विचारावा

छंगयूची भाषा आजची बोलभाषा नाही. बहुतेक छंगयू अभिजात चिनी गद्यातून किंवा पद्यातून आलेले आहेत आणि तिथे अनेक अक्षरांचा अर्थ आजच्यापेक्षा निराळा होता. म्हणून अक्षरे सुटी करून प्रत्येकाचा जुना अर्थ पाहणे ही दुसरी पायरी.

याचे उत्तम उदाहरण ‘त्सौ’ हे अक्षर आहे. आजच्या प्रमाण चिनीत त्याचा अर्थ चालणे असा आहे. जुन्या चिनीत तो धावणे असा होता आणि जपानी भाषेत ते अक्षर आजही धावण्यासाठीच वापरतात. आता ‘शौ चू ताय थू’ म्हणजे ‘बुंधा राखत सशाची वाट पाहणे’ या छंगयूची मूळ गोष्ट वाचायला घ्यावी. सोंग राज्यातला एक शेतकरी शेत नांगरत असताना एक ससा शेतातल्या झाडाच्या बुंध्यावर आदळतो आणि मान मोडून मरतो. आजचा अर्थ धरून वाचले तर ससा चालत आला आणि मेला, असे होते आणि कोणताही विचारी वाचक थबकतो. जुना अर्थ घेतला की ससा भरधाव पळत आलेला दिसतो आणि मान मोडण्याचा उलगडा होतो.

हेच अक्षर ‘त्सौ मा क्वान ह्वा’ या छंगयूत आहे. त्याचा अर्थ घोडा दौडवीत फुले पाहणे. थांग काळातील कवी मंग च्याव वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, इ. स. ७९६ मध्ये, राजपरीक्षेत उत्तीर्ण झाला आणि वसंताच्या वाऱ्यात घोडा उधळत एका दिवसात छांग-आन नगरीतली सगळी फुले पाहून घेतली, असे त्याने लिहिले. त्या ओळीतला आनंद पुढे गळून गेला. आज एखाद्याने ग्रंथालय किंवा कारखाना धावता पाहिला आणि त्याला काही कळले नाही, तर हा शब्दप्रयोग वापरतात.

अक्षरे सुटी केल्यावर त्यांची जोडणीही पाहावी. चार अक्षरे बहुधा दोन-दोन अशी विभागली जातात: ‘ह्वा शऽ’ आणि ‘थ्यन त्सू’, दोन्हीकडे आधी क्रिया आणि मग कर्म. हा ताल कानात बसला की नवा छंगयू समोर आला तरी तो कुठे तोडावा हे आपोआप कळू लागते.

मग उताऱ्याकडे जावे

चांगल्या छंगयू-कोशात अर्थाखाली ‘छू-छू’ म्हणजे ‘उगम’ असा एक भाग असतो. तिथे ग्रंथाचे आणि प्रकरणाचे नाव मिळते. बारा खंडांच्या ‘हान-यू ता त्स-त्येन’ या महाकोशात तर जुन्या वापराची अवतरणेही दिलेली आहेत. ग्रंथाचे नाव मिळाले की ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ या आंतरजालावरील संग्रहात प्राचीन ग्रंथांचा मूळ पाठ शोधता येतो आणि काही ग्रंथांचे इंग्रजी भाषांतरही शेजारी वाचायला मिळते. शोधताना पारंपरिक आणि सरलीकृत अशा दोन्ही लिप्यांत शोधावे. चीनमध्ये १९५६ सालापासून सरलीकृत अक्षरे अमलात आली, पण प्राचीन पाठ पुष्कळदा पारंपरिक अक्षरांतच असतात.

सापाच्या गोष्टीचा उगम ‘चान-क्वो त्स’ म्हणजे ‘युद्धरत राज्यांचे डावपेच’ या ग्रंथात, छी राज्याच्या भागात आहे. हान काळातील विद्वान ल्यू श्यांग याने इ. स. पू. पहिल्या शतकात जुनी हस्तलिखिते जुळवून हा ग्रंथ संपादित केला. यातला प्रसंग त्याच्याही सुमारे तीनशे वर्षे आधीचा, इ. स. पू. ३२३ चा आहे. छू राज्याचा सेनापती चाव यांग याने वेइ राज्यावर स्वारी केली, त्याचे सैन्य मोडले, सेनापतीला ठार केले, आठ नगरे घेतली आणि मग फौज वळवून तो छी राज्यावर चालून निघाला. छीच्या राजाने छन चन नावाच्या मुत्सद्द्याला त्याच्याकडे धाडले.

छन चन गोष्टीपासून सुरुवात करीत नाही, याकडे लक्ष द्यावे. तो प्रथम सेनापतीचे अभिनंदन करतो आणि विचारतो की, शत्रूचे सैन्य मोडून त्याच्या सेनापतीला मारणाऱ्याला छू राज्यात कोणते पद मिळते? सेनापती एका मोठ्या पदाचे नाव सांगतो. त्याहून मोठे पद कोणते? ‘लिंग-यिन’, म्हणजे मुख्य प्रधान. ते पद तर चाव यांगकडे आधीपासूनच आहे आणि राजा काही दोन लिंग-यिन नेमणार नाही. इतके सगळे सेनापतीच्या तोंडून वदवून घेतल्यावर छन चन म्हणतो, एक दृष्टान्त देतो.

छू राज्यात कोणी एकाने पूजा केली आणि आपल्या आश्रितांना चषकभर मद्य दिले. आश्रित आपसांत म्हणाले की, सगळ्यांनी प्यायले तर हे पुरणार नाही आणि एकट्याने प्यायले तर उरेल. तेव्हा प्रत्येकाने जमिनीवर साप काढावा आणि ज्याचा आधी पुरा होईल त्याने प्यावे. एकाचा साप आधी झाला. त्याने चषक उचलला. तो डाव्या हातात धरून उजव्या हाताने तो पुन्हा रेघा ओढू लागला आणि म्हणाला, ‘मी याला पायसुद्धा काढू शकतो.’ पाय पुरे व्हायच्या आत दुसऱ्याचा साप झाला. त्याने चषक हिसकावून घेतला आणि म्हणाला, ‘सापाला मुळात पाय नसतात, तू कुठून काढणार?’ आणि तो मद्य पिऊन मोकळा झाला.

पुढची दोन-तीन वाक्ये कोशांत सहसा येत नाहीत आणि मला ती सर्वांत मोलाची वाटतात. छन चन सांगतो की, आठ नगरे घेऊनही सेनापतीचे बळ शाबूत आहे, छीचे लोक त्याला भितात, कीर्तीला एवढे पुरे आहे आणि वर चढायला पद उरलेले नाही. लढाया जिंकत असताना थांबायचे कुठे हे ज्याला कळत नाही, तो स्वतः मरतो आणि त्याचे पद मागाहून येणाऱ्याला मिळते, जसे त्या सापाला पाय काढणाऱ्याचे झाले. चाव यांगला हे पटले आणि तो फौज घेऊन परत गेला.

म्हणजे मूळ उताऱ्यात सगळा भार पायांवर नाही, चषकावर आहे. त्या माणसाचे चित्र बिघडले ही त्याची खरी हानी नव्हे. हातात आलेले मद्य गेले, ही हानी आहे. आजच्या वापरात चषक जवळजवळ विसरला गेला असून ‘अनावश्यक भर’ एवढाच अर्थ उरला आहे. हा फरक कोशातून कळला नसता.

शक्य असेल तिथे त्याच गोष्टीचा दुसरा पाठही वाचावा. सिमा छ्यन या इतिहासकाराच्या ‘श-ची’ या ग्रंथात, छू राजघराण्याच्या प्रकरणात हीच हकिकत आहे. तिथे डावा-उजवा हात नाही, तो माणूस चषक घेऊन नुसता उठतो, आणि चषक हिसकावणारा म्हणतो, ‘सापाला पाय नसतात, आता तू पाय काढलेस, म्हणजे हा सापच नव्हे.’ एका पाठात त्या भर घालणाऱ्याचा मूर्खपणा दिसतो, दुसऱ्यात युक्तिवाद अधिक टोकदार होतो: भर घातल्याने मूळ वस्तूच बदलली, म्हणून पैज पुरी झालीच नाही. कोणाला कोणता पाठ आवडावा हा रुचीचा प्रश्न आहे. मला पहिला जास्त आवडतो, कारण एका हातात चषक आणि दुसऱ्या हाताने ओढलेल्या रेघा हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणखी एक गोष्ट उतारा वाचल्यावरच लक्षात येते. ‘ह्वा शऽ थ्यन त्सू’ ही चार अक्षरे या क्रमाने त्यात कुठेही नाहीत. तिथे ‘सापाचे पाय काढणे’ असे शब्द आहेत. चार अक्षरांचा बांधेसूद साचा पुढच्या पिढ्यांनी घडवला. तेव्हा ‘हा छंगयू अमुक ग्रंथात आहे’ असे लिहिण्यापूर्वी गोष्ट तिथली आहे की शब्दही तिथलेच आहेत, हे तपासावे आणि तसेच नोंदवावे.

अर्थ कुठे सरकला ते पाहावे

सशाच्या गोष्टीकडे पुन्हा येऊ. शेतकरी अवजार टाकून बुंध्यापाशी बसला, पुन्हा ससा काही मिळाला नाही आणि सोंग राज्यभर त्याचे हसे झाले. आज हा छंगयू आयत्या लाभाची वाट पाहणाऱ्या आळशाला लावतात. मूळ गोष्ट मात्र हान फेइ या तत्त्वज्ञाच्या ग्रंथातील ‘पाच कीड’ या अर्थाच्या प्रकरणात आहे आणि तिचा रोख आळसावर नाही. हान फेइचा मृत्यू इ. स. पू. २३३ मध्ये झाला. त्याच्या काळात प्राचीन राजांचे आदर्श पुढे ठेवणारे पुष्कळ विचारवंत होते. गोष्ट संपताच तो म्हणतो की, पूर्वीच्या राजांच्या धोरणांनी आजच्या प्रजेवर राज्य करू पाहणारे सगळे बुंधा राखणाऱ्याच्याच जातीचे आहेत. म्हणजे ससा एकदा मिळाला होता, हाच मुद्दा आहे. जे एका काळी खरोखर उपयोगी पडले तेच पुन्हा उपयोगी पडेल, या भ्रमावर त्याचा आघात आहे.

‘चाव सान मू स’ म्हणजे ‘सकाळी तीन, संध्याकाळी चार’ याचे तर रूपच पालटले आहे. च्वांगत्स या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात माकडे पाळणारा एक माणूस माकडांना सकाळी तीन आणि संध्याकाळी चार फळे देऊ करतो तेव्हा ती चिडतात. मग सकाळी चार आणि संध्याकाळी तीन म्हणताच ती खूश होतात. बेरीज दोन्हीकडे सात. एकच गोष्ट दोन बाजूंनी पाहून राग-लोभ धरणाऱ्यांबद्दल च्वांगत्स बोलत होता. ‘ल्ये-त्स’ या दुसऱ्या ग्रंथात हीच गोष्ट, शहाणा माणूस अजाणांना कसा वळवतो, हे सांगायला येते. आजचा अर्थ या दोहोंपासून दूर गेला असून घडीत हे, घडीत ते करणाऱ्या चंचल माणसाला, विशेषतः प्रेमात स्थिर नसणाऱ्याला, हा शब्द लावतात. इथे मूळ अर्थ हाच खरा आणि आजचा चुकीचा, असा वाद घालू नये. आजच्या लेखात आजचाच अर्थ लागू होतो. मूळ अर्थ जुना ग्रंथ वाचताना लागतो. दोन्ही ठाऊक असावेत आणि कोणता कुठे चालतो हेही.

त्याच वेळी तो छंगयू स्तुतीचा आहे की निंदेचा, हे पाहून ठेवावे. कोशात याची खूण असते. सापाचे पाय, बुंधा आणि ससा, सकाळी तीन, हे तिन्ही निंदेचे आहेत. अर्थ बरोबर कळूनही एखाद्याचा गौरव करताना निंदेचा छंगयू वापरला गेला, तर ऐकणाऱ्याला तो टोमणा वाटतो.

मराठी जोडी सर्वांत शेवटी शोधावी

आपली ओळखीची म्हण आधी आठवली की ती मूळ गोष्टीला झाकून टाकते, म्हणून हे काम शेवटी ठेवावे. बुंधा राखणाऱ्याला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण पटकन सुचते आणि आजच्या अर्थाला ती पुष्कळशी लागूही पडते. पण तिच्यात देवावर भार टाकलेला आहे आणि चिनी शेतकऱ्याने भरवसा टाकला तो एका योगायोगावर. योगायोगाचा तो भाग आपल्या काकतालीय न्यायात येतो. दोन्ही एकत्र केले तर चित्र बरेचसे पुरे होते. सापाच्या पायांना ‘अति तेथे माती’ चालते, मात्र तिच्यात हातचे जाण्याची बोच तितकीशी नाही.

‘साय वंग श मा’ म्हणजे ‘सीमेवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवला’ याला मराठीत ‘जे होते ते बऱ्यासाठी’ असे म्हणण्याचा मोह होतो आणि तो टाळावा. ह्वाय-नानचा राजपुत्र ल्यू आन याने इ. स. पू. १३९ मध्ये सम्राटाला सादर केलेल्या ‘ह्वाय-नान-त्स’ या ग्रंथात ही कथा आहे. घोडा पळतो, चांगला घोडा बरोबर घेऊन परततो, त्या घोड्यावरून पडून मुलाची मांडी मोडते आणि लंगडा झाल्यामुळे तोच मुलगा पुढे युद्धातून वाचतो. म्हातारा दर वळणावर, हे उलटे कशावरून ठरणार नाही, असे विचारतो; घोडा हरवल्यावर विचारतो तसेच चांगला घोडा आल्यावरही विचारतो. आपल्या वाक्यात दिलासा आहे. म्हाताऱ्याच्या प्रश्नात दिलाशाइतकीच सावधगिरी आहे.

कधी कधी जोडी इतकी तंतोतंत बसते की एकाने दुसऱ्याकडून उचलले असावे असे वाटते. ‘चिंग ती च वा’, विहिरीच्या तळाचा बेडूक, आणि आपला कूपमंडूक हे असेच आहेत. प्रतिमा सारखी आहे एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. दोन्हीकडे विहिरी होत्या आणि बेडूकही होते. च्वांगत्सच्या गोष्टीत पूर्व समुद्राचे कासव बेडकाच्या आग्रहावरून विहिरीत उतरू पाहते, तर त्याचा डावा पाय आत जाण्याआधीच उजवा गुडघा अडकतो. असे तपशील गोळा करावेत, कारण दोन गोष्टी वेगळ्या कशा ते त्यांवरूनच दिसते.

या सगळ्याची नोंद ठेवण्यासाठी प्रत्येक छंगयूला वहीचे एक पान द्यावे. माझ्या वहीतले सापाचे पान असे आहे. रूप: ह्वा शऽ थ्यन त्सू, सूर चौथा, दुसरा, पहिला, दुसरा. शब्दार्थ: साप काढून पाय जोडणे. गोष्ट: चान-क्वो त्स, छी राज्याचा भाग, दुसरा पाठ श-ची, छू राजघराणे. कोण कोणाला: छन चन, सेनापती चाव यांगला, इ. स. पू. ३२३. कशासाठी: छीवरची स्वारी टाळण्यासाठी. तेव्हाचा अर्थ: थांबायचे न कळल्याने हातचे जाणे. आजचा अर्थ: अनावश्यक भर घालून काम बिघडवणे, निंदाव्यंजक. जपानीत ‘दासोकु’, सापाचे पाय, हा शब्द बोलणे संपवल्यावर आणखी एखादी जादा गोष्ट सांगायची असेल तर आधी नम्रपणे उच्चारतात. मराठी: अति तेथे माती, पुरते जुळत नाही.